गाय, काक, श्वान आणि पान न वाढलेला चौथा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



पितृपक्ष तोंडावर आला आहे. या दिवसांत आपल्या घरोघरी गोग्रास निघेल, काकबळी ठेवला जाईल, कुत्र्यासाठी घास बाजूला काढला जाईल. म्हणून या गुरुवारच्या अभ्यासपाठाला आम्ही पक्ष्यांचा विषय घेतला आहे. पण पाठ कावळ्यावर नाही. ज्या पक्ष्याचं नाव आपण घरात फक्त रागावल्यावर घेतो, त्या गिधाडावर आहे.

त्याला निमित्त झालं ते असं. माघ महिन्यात ग्वाल्हेरची आपली काही कुटुंबं झाशीमार्गे ओरछाला रामराजाच्या दर्शनाला गेली होती. परत आल्यावर एका मुलाने समूहात फोटो टाकला. बेतवा नदीकाठची जुनी छत्री, तिच्या शिखराजवळच्या कोनाड्यात घरटं, घरट्यात पिल्लू आणि शेजारी मान आखडून बसलेलं मोठं गिधाड. पाच मिनिटांत वडोदऱ्याच्या एका काकूंचा निरोप आला, "अरे बाळा, सकाळी सकाळी देवाच्या समूहात हे अभद्र कशाला टाकलंस? काढून टाक बरं." मुलाने बिचाऱ्याने फोटो काढला. मग इंदूरच्या एका आजोबांनी लिहिलं, "काकू, तुम्ही रामराजाचं दर्शन घेता. त्या रामाने वडिलांसारखे अंत्यसंस्कार कुणाचे केले, ते आठवा जरा."

समूहात त्या दिवशी पुढे कुणी काही बोललं नाही. पण आम्ही पाठ तयार करणारी मंडळी त्या एका वाक्यापाशी थांबलो. काकूंचं चुकलं असं आम्हाला म्हणायचं नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात हेच ऐकू आलं असतं. आणि आमच्या हातून तर याहून मोठी चूक झाली होती. तीही पुढे सांगणार आहोत.

*१. कथेतलं गिधाड*

जटायूची गोष्ट लहानपणापासून आपल्याला माहीत आहे. रावण सीतामाईला घेऊन निघाला, तेव्हा वाटेत आडवा आला तो एकटा म्हातारा पक्षी. तो दशरथाचा मित्र. वय झालेलं, समोर रथ आणि शस्त्रं असलेला रावण. आपण हरणार हे त्याला दिसत असणार, तरी तो बाजूला झाला नाही. पंख छाटले गेले, तरी राम येईपर्यंत त्याने प्राण धरून ठेवले आणि सीतेला कोणी नेलं ते सांगितलं. रामाने त्याला अग्नी दिला आणि गोदावरीत जाऊन उदक सोडलं. राम वनवासात असताना दशरथ गेले, त्यामुळे त्यांना अग्नी द्यायला राम जवळ नव्हता. जटायूला मात्र त्याने स्वतःच्या हातांनी दिला.

जटायूचा थोरला भाऊ संपाती आपण जरा विसरतो. लहानपणी दोघे सूर्याच्या दिशेने उडाले, तेव्हा धाकट्याला चटका बसू नये म्हणून संपातीने आपले पंख वर धरले आणि तेच जळून गेले. पुढे वानरसेना दक्षिण समुद्राच्या काठी हताश होऊन बसली, तेव्हा सीता लंकेत आहे हे लांबवर पाहून सांगितलं ते याच पंख नसलेल्या संपातीने. म्हणजे बघा, रामकथेत सीतेचा शोध दोन टप्प्यांवर पुढे सरकतो आणि दोन्ही ठिकाणी माहिती देणारं गिधाडच आहे.

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद हे जटायूचं ठिकाण म्हणून आपल्या मंडळींना माहीत आहे. हैदराबादकडच्या गुरुबंधूंना लेपाक्षीचं नाव परिचयाचं असेल. राम त्या पक्ष्याला "ऊठ, पक्ष्या" असं म्हणाला, त्यावरून गावाचं नाव पडलं असं तिकडे तेलुगूत सांगतात. ठिकाण कोणतं खरं, हा वाद आपल्याला घालायचा नाही. इतक्या लांबलांबच्या लोकांना हा पक्षी आपल्याच गावात पडला असं सांगावंसं वाटलं, एवढं लक्षात ठेवू.

*२. माळावरचं गिधाड*

आता कथेतून बाहेर येऊन खरा पक्षी बघू. गिधाड शिकार करत नाही. मेलेलं जनावर खातं. त्याची नजर तीक्ष्ण आहे. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा वर चढते, त्या हवेवर पंख न हलवता ते तासन् तास तरंगतं. दिवसात शंभर किलोमीटरसुद्धा फिरतं. आकाशात लांबलांब अंतरावर तरंगणारी गिधाडं खाली जमिनीकडे पाहतात आणि एकमेकांकडेही पाहतात. एक खाली उतरायला लागलं की शेजारचं वळतं, त्याला पाहून त्याच्या पलीकडचं वळतं. म्हणून माळावर एक गाय पडली की थोड्या वेळात पन्नास-शंभर गिधाडं जमत. मोठा थवा असला तर तासाभरात हाडं तेवढी उरत.

त्याच्या डोक्यावर आणि मानेवर पिसं नसतात, म्हणून ते आपल्याला कुरूप दिसतं. पण जनावराच्या पोटात मान घालायची तर पिसं घाण होऊन रोग धरतील. उघडी कातडी उन्हात वाळते आणि स्वच्छ राहते. त्याच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की आपल्याला मारतील असे पुष्कळ जंतू त्यात मरून जातात. विहिरीपर्यंत आणि ओढ्यापर्यंत जाऊ शकणारी घाण ते आपल्या पोटात घेऊन संपवतं. गावाने त्याला कधी पगार दिला नाही, आभारही मानले नाहीत.

घरातले आजी-आजोबा सांगतील, त्यांच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की आकाश काळं होई. ही अतिशयोक्ती नाही. १९८०च्या सुमारास भारतात गिधाडांची संख्या कोटींच्या घरात होती असं मानतात. तेव्हा ती कुणी मोजत नव्हतं. जे भरपूर असतं ते मोजावं असं कुणाला वाटत नाही.

*३. आकाश रिकामं कसं झालं*

१९९०नंतरच्या दशकात राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की झाडांवर गिधाडं माना खाली टाकून बसलेली दिसतात आणि काही दिवसांनी झाडाखाली मेलेली सापडतात. घरटी रिकामी पडत होती. मग देशभर पाहणी झाली आणि सगळीकडे तेच दिसलं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाचं तर असं झालं की १९९२ साली जिथे हजार पक्षी होते, तिथे २००७ साली एक उरला. लांब चोचीचं आणि सडपातळ चोचीचं गिधाड यांच्यात शंभरातले सत्त्याण्णव गेले. जगात कुठल्याही पक्ष्याची संख्या इतक्या झपाट्याने घसरल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

आधी सगळ्यांना वाटलं काही साथ असेल. मेलेले पक्षी उघडून पाहिले तर आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसे. तो युरिक आम्लाचा होता. मूत्रपिंडं बंद पडली की असं होतं. मूत्रपिंडं कशाने बंद पडतात ते कळेना. अखेर पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं. २००४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. कारण होतं डायक्लोफिनॅक.

हे नाव ओळखीचं वाटलं ना? गुडघे दुखले, कंबर धरली की आपल्यापैकी कितीतरी जण याच औषधाची गोळी घेतात. १९९०नंतर ते स्वस्तात मिळू लागलं आणि गुरांनाही देऊ लागले. गाय लंगडते, कास सुजली आहे, बैल उठत नाही, की टोचा इंजेक्शन. गाईचं दुखणं थांबे. म्हणजे औषध वाईट नव्हतं, देणाऱ्याचा हेतूही चांगला होता. पण जनावर औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत मेलं, तर ते औषध त्याच्या मांसात आणि विशेषतः मूत्रपिंडात, यकृतात राहतं. ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं काही दिवसांत निकामी होतात.

इथे मुलांनी विचारावा असा एक प्रश्न आहे. सगळ्या गाईंना काही हे औषध देत नव्हते, मग सगळी गिधाडं कशी गेली? उत्तर मघाच्याच वर्णनात आहे. एका जनावरावर पन्नास-शंभर पक्षी उतरतात. त्या एका जनावरात औषध असलं की पूर्ण थवा संपतो. अभ्यासकांनी हिशोब मांडला, तेव्हा असं निघालं की शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी जनावरात हे औषध असलं, तरी गिधाडं नामशेष व्हायला पुरे आहे. भारतात २००४-०५च्या सुमारास प्रत्यक्ष नमुने तपासले, तेव्हा दहात एक जनावर तसं निघालं.

आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. आई-बाप दोघे आळीपाळीने जवळजवळ दोन महिने ते उबवतात, पिल्लू तीन-चार महिने घरट्यात राहतं आणि त्याला स्वतःचं घरटं करायला साधारण पाच वर्षं लागतात. म्हणजे एका दुपारी जे जातं, ते भरून यायला एक पिढी लागते.

२००६ साली भारत सरकारने गुरांसाठी डायक्लोफिनॅक बनवायला बंदी केली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी केली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांकडे जात राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांचं इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेत विकायचं असा नियम झाला. त्याच जातीची आणखी काही औषधं गिधाडांना घातक ठरली, तेव्हा २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक गुरांसाठी बंद झाली. पुढे निमेसुलाइडही बंद झालं. मेलॉक्झिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही दोन वेदनाशामकं गिधाडांना सुरक्षित ठरली आहेत. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

*४. ताटातला तिसरा घास*

आता आपल्या पितृपक्षाच्या पानाकडे परत येऊ. गाय, काक आणि श्वान. गिधाडाला पान नाही. त्याचं पान निसर्गाने वेगळं वाढलेलं होतं. गाय गेली की तिचा देह त्याचा.

गिधाडं गेली तेव्हा ते पान कुत्र्यांनी खाल्लं. गावाबाहेर मेलेली जनावरं दिवसेंदिवस पडून राहू लागली, त्यावर भटकी कुत्री वाढली. कुत्रं काही गिधाडासारखं तासाभरात काम आटोपत नाही. ते अर्धं खातं, अर्धं ओढून ओढ्यात टाकतं, रोग घेऊन वस्तीत परत येतं. त्याबरोबर कुत्रं चावण्याचा आणि रेबीजचा धोका वाढला. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे ती मुळातच कमी होती, अशा जिल्ह्यांतल्या मृत्यूंची तुलना केली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा अंदाज असा आहे की २००० ते २००५ या वर्षांत गिधाडं नसल्यामुळे सुमारे पाच लाख माणसं जास्त दगावली.

पाच लाख. हा आकडा आम्ही मंडळात वाचून दाखवला, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे आपण त्याला अभद्र म्हणत होतो, आणि तो गेल्यावर खरं अभद्र झालं की."

आपल्या पारशी शेजाऱ्यांवर तर हा घाव थेट बसला. अग्नी, पाणी आणि माती विटाळू नये म्हणून ते आपल्या माणसांचे देह दोखम्यात गिधाडांच्या स्वाधीन करतात. गिधाडं येईनाशी झाली, तेव्हा मुंबईच्या डुंगरवाडीत सूर्याची किरणं एकवटणारे आरसे बसवावे लागले. वडोदरा, हैदराबाद, इंदूरकडे ज्यांच्या शेजारी पारशी कुटुंबं आहेत, त्यांनी हा विषय निघाला तर आदराने ऐकून घ्यावा. एका पक्ष्याच्या जाण्याने कुणाचा शेवटचा संस्कार अडतो, हे आपण पितृपक्ष पाळणाऱ्यांना समजायला अवघड नाही. कावळा पिंडाला शिवेना तर आपल्या घरात काय होतं ते आठवा.

*५. आमच्या हातून झालेली चूक*

ग्वाल्हेरकडच्या एका खेड्यात आपल्या मंडळातल्या काही जणांनी म्हाताऱ्या गाई सांभाळायला घेतल्या आहेत. मोठी गोशाळा नाही, एक गोठा आणि मागे थोडी जमीन. गेल्या पौषात त्यातली सगळ्यात वयस्क गाय बसली ती उठेना. थंडी कडाक्याची. गाय रात्रभर हुंबरत होती. गुरांचे डॉक्टर दोन दिवस येऊ शकणार नव्हते. आमच्यातला एक जण म्हणाला, "माझ्या आईला गुडघ्यावर हेच देतात, लगेच आराम पडतो." तालुक्याच्या औषधाच्या दुकानातून माणसांच्या इंजेक्शनच्या दहा छोट्या बाटल्या आल्या. गाईचं वजन जास्त म्हणून दहाच्या दहा एकत्र करून टोचल्या. आमच्यापैकी कुणीही नको म्हटलं नाही. गाय शांत झाली, तेव्हा आम्हाला समाधानच वाटलं. जप करून झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. हळदकुंकू वाहिलं, तिच्यावर पांढरं कापड घातलं. गावची रीत आहे तशी ट्रॅक्टरवर घालून तिला लांबच्या माळावर ठेवून आलो.

संध्याकाळी डॉक्टर आले. काय दिलं होतं म्हणून त्यांनी सहज विचारलं. आम्ही रिकाम्या बाटल्या दाखवल्या. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाय पुरली का?" नाही म्हटल्यावर ते उठूनच उभे राहिले. "या पट्ट्यात अजून गिधाडं उतरतात हो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. पण आम्ही तरी कुणाला विचारलं होतं?

रात्रीच जेसीबी मिळवला. माळावर पोचलो तेव्हा बॅटरीच्या उजेडात दिसलं की गाईचं अर्धं शरीर संपलं होतं. कुत्र्यांची धावपळ होती. जमिनीवर दोन-तीन मोठी करडी पिसं पडलेली होती. त्या दिवशी तिथे कोण कोण उतरलं होतं आणि उडून कुठे गेलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. कळायचा मार्गही नव्हता. पहाटेपर्यंत खोल खड्डा करून उरलेलं पुरलं आणि परत आलो. येताना ट्रॅक्टरवर कुणी कुणाशी बोललं नाही.

काही दिवसांनी महाराजांच्या कानावर घातलं. आम्हाला वाटलं ते धीर देतील, हेतू चांगला होता म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "औषध कुणी सांगितलं?" आम्ही गप्प. मग म्हणाले, "गाय सांगू शकत नाही, म्हणून जाणत्याला विचारायचं असतं. तुम्ही आपल्या मनाला विचारलंत." आणि दुसरा विषय काढला.

तेव्हापासून आम्ही हे मनात घोळवत आहोत. हा पाठ लिहिण्यामागचं खरं कारण तेच आहे.

*६. या पाठातून घ्यायचं काय*

आपल्याकडे पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. रोजच्या अन्नातला वाटा प्राणिमात्रांना देणं. आपण त्याचा अर्थ 'काहीतरी देणं' एवढाच धरतो. पण जे देतो ते खाणाऱ्याला मानवतं का, आणि त्याच्याकडून ते पुढे कुठे जातं, हे पाहणंही त्या यज्ञातच येतं. आम्ही गाईला दिलं ते तिच्यापाशी थांबलं नाही. दया गाईवर केली, आणि तिचा भार तिच्यानंतर जेवायला येणाऱ्यांवर पडला.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत पक्षीही आहेत. पिल्लांच्या मोहात जाळ्यात उडी घेणारा कपोत आहे. मांसाचा तुकडा टाकून दिल्यावर सुखी झालेला कुरर आहे. अवधूतांनी पक्ष्याला गुरू करताना तो शुभ की अशुभ, सुंदर की कुरूप, हे पाहिलं नाही. तो काय करतो ते नीट पाहिलं. पाहणं हीच तिथे उपासना आहे. आपण गिधाडाकडे पाहिलंच नाही. नाव ऐकून तोंड फिरवलं, म्हणून ते नाहीसं होत असताना आपल्याला दहा-पंधरा वर्षं पत्ताही लागला नाही.

*७. अजून कुठे आहेत*

निराश व्हायचं कारण नाही. मध्य प्रदेशात आज देशातली सर्वाधिक गिधाडं आहेत. तिथल्या अलीकडच्या गणनांत आकडा दहा हजारांच्या वर गेला. पन्नाच्या कड्यांवर आणि ओरछाच्या छत्र्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना हे घरापासून लांब नाही. तेलंगणात कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात बेज्जूरच्या जंगलातल्या कड्यावर त्यांची वस्ती सापडली आहे. कर्नाटकात रामनगरच्या टेकड्यांना २०१२ साली गिधाडांचं अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं. महाराष्ट्रात नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर आणि रायगड जिल्ह्यात म्हसळ्याच्या बाजूला त्यांची घरटी आहेत. गडचिरोलीत वन विभागाने गिधाडांसाठी 'उपाहारगृहं' केली आहेत. म्हणजे तपासून घेतलेलं, औषध नसलेलं मृत जनावर ठरावीक जागी ठेवायचं.

हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. तिथे वाढलेले पक्षी २०२४ साली महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबाला आणून मोकळे सोडले. ते जगतील की नाही हे जंगलापेक्षा आजूबाजूच्या गोठ्यांवर जास्त अवलंबून आहे. पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्याला कुंपण कळत नाही. तो शंभर किलोमीटरवरच्या कुणाच्या तरी गाईवर उतरणार. ती गाय आपलीही असू शकते.

*८. आलेले प्रश्न*

_घरावर गिधाड बसलं तर शांत करावी लागते असं म्हणतात. खरं का?_
ज्या घरात जशी परंपरा असेल, तसं त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून करावं. आम्ही एवढंच म्हणू की त्याला दगड मारू नये आणि घरटं मोडू नये. रामाने ज्याला अग्नी दिला, त्याच्या वंशातला कुणी दारात आला, असंही त्याकडे पाहता येतं.

_आम्ही शहरात फ्लॅटमध्ये राहतो. आमच्याकडे ना गाय ना माळ. आम्ही काय करणार?_
तीन गोष्टी. एक, ज्या गोशाळेला तुम्ही देणगी देता, तिथे फोन करून विचारा की आजारी गाईंना वेदनेसाठी काय देतात आणि मेलेल्या गाईचं काय करतात. देणगीदाराने विचारलेल्या प्रश्नाला वजन असतं. दोन, संक्रांतीला काचेचा किंवा नायलॉनचा मांजा घरात आणू नका. वडोदऱ्याच्या मंडळींनी तर उत्तरायणात हे कसोशीने पाळावं. गुजरातेत मांज्याने कापलेल्या पक्ष्यांत गिधाडंही असतात. तीन, बोलताना 'गिधाडासारखे तुटून पडले' म्हणायच्या आधी क्षणभर थांबा. मुलं आपल्या बोलण्यातूनच कोण चांगलं, कोण वाईट हे शिकतात.

_गाय तळमळत असेल आणि डॉक्टर येऊ शकत नसतील तर तिला तसंच ठेवायचं का?_
नाही. डॉक्टरांना फोन करा, ते नसतील तर दुसऱ्या पशुवैद्यांना करा. मेलॉक्झिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड चालेल का, असं नाव घेऊन विचारा. मात्रा तेच ठरवतील. माणसांच्या दुकानातून आणून आपल्या मनाने टोचू नका. आणि कुठलंही दुसरं वेदनाशामक दिलं गेलं असेल आणि जनावर त्यानंतर काही दिवसांत गेलं, तर ते माळावर ठेवू नका. खोल पुरा.

*९. या पंधरवड्याचा संकल्प*

ज्यांच्याकडे गुरं आहेत किंवा ज्यांच्या ओळखीत गोठे आहेत, त्यांनी पितृपक्ष संपेपर्यंत निदान एका गोठ्यात जाऊन औषधाची कपाट-पेटी पाहावी. डायक्लोफिनॅक, केटोप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड यांपैकी काही गुरांसाठी ठेवलेलं दिसलं, तर मालकाशी भांडू नये. वरची हकिकत सांगावी. आमची चूक म्हणून सांगावी, म्हणजे त्याला राग येणार नाही.

घरात एकत्र बसून बोलायला हे तीन प्रश्न:

१) आपण कुणाला मदत करताना न विचारता, आपल्याच मनाने केली आणि ती दुसऱ्या कुणाला बाधली, असं कधी झालं का?

२) आजी-आजोबांनी लहानपणी कोणते पक्षी रोज पाहिले, जे आज दिसत नाहीत? मुलांनी यादी करावी आणि समूहात टाकावी.

३) पान वाढताना आपण कुणाला विसरतो?

वडोदऱ्याच्या काकूंना पाठाचा मजकूर आधी वाचायला दिला होता. त्यांचा निरोप आला, "त्या मुलाला सांगा, फोटो परत टाक. आणि या वेळी पिल्लू नीट दिसेल असा टाक."

फोटो पाठासोबत जोडला आहे.

सर्वांना नमस्कार. पुढच्या गुरुवारी भेटू.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥